दारव्ह्याची शिलाईवाली काकू : पाच पैकी साडेतीन, तरी मी तिथंच जाणार

आधीच सांगून टाकते, दुकानाच्या बोर्डावर नाव नाही. 'लेडीज टेलर, फॉल, पिको' एवढंच लिहून आहे, त्यातला 'को' उन्हानं उडाला म्हणून लांबून 'फॉल, पि' असं काहीतरी दिसते. दारव्ह्याच्या बाजारामागच्या बोळीत, कृषी केंद्राला लागून एक शटर आहे तेच. आम्ही सगळ्या तिला शिलाईवाली काकू म्हणतो. नाव माहीत आहे मला, पण मी असं असं लिहून राहिली म्हटल्यावर काकूच म्हणाली, "नाव नोको टाकू माय, आधीच पोत्यानं कपडे पडून हायेत."

तर हा रिव्ह्यू लिहायचं कारण असं की गावातल्या दोन-तीन पोरींनी विचारलं, वहिनी तुमचे कुर्ते एवढे बरोबर बसतात कसे, अन् प्रत्येकीला वेगवेगळं सांगून मी थकली, म्हणून एकदाच लिहून टाकते, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आता माझं माप. लपवायचं काय त्यात, काकूनं तसंही भर दुकानात ओरडून सांगितलेलं आहे. वर ३६, कंबर ३४, सीट ४४. उंची पाच फूट एक इंच. दोन लेकरं, दुसरं सिझर. म्हणजे खांद्याकडून पाहिलं तर मी मिडियम अन् मागून पाहिलं तर डबल एक्सेल. रेडिमेड कुर्तीचा हिशोब बहुतेक कंपन्यांचा असा असते की एम म्हणजे छाती ३८, एल म्हणजे ४०, एक्सेल ४२, डबल एक्सेल ४४, अन् एक नंबर वाढला की सगळंच वाढते, खांदा वाढते, गळा वाढते, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) वाढते. माझं सीट मावायचं तर डबल एक्सेल घ्या, मग खांदे असे लोंबतात जसा बुजगावण्याला नवऱ्याचा जुना शर्ट. खांद्याला बरोबर घ्या म्हटलं तर एम घ्या, अन् मग ते कमरेखाली असं गच्च अडकते की खुर्चीवर बसताना कुर्ती वर सरकून पोटावर गोळा होते. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, दिवसभर खुर्चीवरच असते, दाखले काढून देते, समोर लोक उभे, अन् मी दर पाच मिनिटांनी कुर्ती खाली ओढत बसलेली. दहा वर्षं मला वाटे हे माझंच चुकून राहिलं, वजन कमी केलं पाहिजे. एकदा सहा किलो कमी केलं पण. कमी झालं ते गालातून अन् छातीतून. सीट जागच्या जागी.

काकूकडे जायच्या आधीचा किस्सा सांगते म्हणजे समजेल. भाच्याच्या लग्नासाठी मी यवतमाळला एका बुटीकमधे ब्लाउज टाकला होता. बुटीकचं नाव नाही सांगत, जाऊ द्या. एसी होता, आरसा होता, मापं घेणारी पोरगी इतकी गोड बोलली की मी पॅड पण टाका म्हटलं, प्रिन्सेस कट पण करा म्हटलं, मागं लटकन पण लावा म्हटलं, ११०० रुपये शिलाई. दिसायला ब्लाउज एक नंबर. फोटोत तर मी अशी दिसते की सासरचे लोक विचारत होते ही कोण. पण मुंढा एवढा तंग की हात खांद्याच्या वर जाईना. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मी कमरेपासूनच फेकली, ती समोरच्या खुर्चीतल्या मामाजींच्या टकलावर. एकदा नाही, प्रत्येक सावधानला. मामाजींनी शेवटी वळून पाहिलं.

तो ब्लाउज घेऊन मी काकूकडे गेली, म्हटलं थोडा सैल करून द्या. काकूनं तो हातात घेतला, उलटा केला, आतल्या शिवणीवर अंगठा फिरवला अन् मशीनवर टाकून दिला. "आतमधे कापडच नाई ठेवलं वं यायनं. पाव इंच हाय फक्त. आता सैल कायचा करू, माह्या पदराचा?" मग तिनं तिचाच शिवलेला एक ब्लाउज उलटा करून दाखवला, दोन्ही बाजूला दीड-दीड इंच कापड आत दाबलेलं, त्यावर तीन टिपा शेजारी शेजारी. लेकरू झालं की अंगाजवळची एक टीप उसवायची, अजून अंग भरलं की दुसरी. "ब्लाउज पाच वर्षं जगला पाहिजे न माय, पातळ जगते तर," असं म्हणते ती. आमच्याकडे साडीला अजून पातळ म्हणतात म्हाताऱ्या बाया.

माप घेणं हाच तिच्याकडे खरा कार्यक्रम आहे. बाकी टेलर छाती, कंबर, सीट, उंची अन् बाही घेऊन मोकळे होतात. ही बाई आधी विचारते, "कायसाठी पायजे?" म्हणजे लग्नाला का ऑफिसला का वावरात. मी म्हटलं ऑफिसला, तर म्हणे बस स्टुलावर. बसवून सीटचं माप घेतलं. उभ्यानं ४४, बसल्यावर साडेसेहेचाळीस! मला तर कोणी आजपर्यंत सांगितलंच नव्हतं की बसल्यावर माप वाढते. मग हात वर करायला लावले, पुढं करायला लावले जसं काही भाकर थापून राहिली, पाठीवर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावली. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप वेगळं घेतलं, कारण म्हणे टक्स (कापड चिमटून मारलेल्या शिवणी) तिथंच संपले पाहिजे, वर संपले तर समोर चोच निघते अन् खाली संपले तर पोट आल्यासारखं दिसते. हे सगळं ती लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिते, प्रत्येकीचं एक पान. माझ्या पानावर २०१४ चं माप आहे, माझ्या लग्नाच्या वेळचं, माझ्या आईनं टाकलेले ब्लाउज. छाती ३२, कंबर २६. ते खोडलं नाही तिनं, त्याच्याच खाली नवीन लिहिलं. मी ते पान दोनदा पाहिलं अन् गप्प बसली.

तर माझ्या कुर्त्याचं तिनं काय केलं ते ऐका, कारण माझ्यासारख्या वर बारीक अन् खाली रुंद असलेल्या आपल्याकडे ढिगानं आहेत. वरचं माप माझ्याच छातीचं घेतलं, ३६ वर तीन इंच सैल म्हणजे ३९. खांदा माझा स्वतःचा. कमरेपासून खाली मात्र कापड पसरवत नेलं, ए लाईन म्हणतात तसं, चुण्या न घालता, कारण चुण्या घातल्या की त्या बरोबर सीटवर येऊन फुगतात. अन् मोठी गोष्ट म्हणजे साईडचा कट. रेडिमेडमधे तो कट माझ्या सीटच्या खाली सुरू होते, म्हणजे जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं कुर्ता बंद अन् जिथं गरज नाही तिथं उघडा. काकूनं कट कमरेखाली सात इंचावर उघडला, सीटच्या रुंद भागाच्या थोडासा वर. झालं. बसलं की पुढचा पल्ला पुढं पडते, मागचा मागं पडते, काही ओढायचं काम नाही. एवढीशी गोष्ट बाप्पा! दहा वर्षं मी कुर्ती ओढत होती ती एवढ्याशा गोष्टीसाठी.

खिसा पण लावते ती, मागितला तर. पण शिवणीतला खिसा मला नको म्हणाली, मोबाईल टाकला की सीटवर अजून एक सीट दिसते. समोरून तिरपा लावला.

कपड्याच्या बाबतीत पण तिचं स्वतःचं मत आहे अन् ते ती तुम्ही न विचारता सांगते. मागच्या वर्षी शाळेच्या सहलीसोबत सेवाग्रामला गेली होती मी, १९३६ मधे गांधीजी तिथं राहायला आले होते, तिथली बापूंची कुटी पाहिली, अन् येताना अडीच मीटर खादी घेतली. काकूनं हातात घेऊन म्हटलं आधी पाण्यात घाल रात्रभर. घातली. वाळल्यावर मोजली तर चार बोटं कमी. ती न भिजवता शिवली असती तर पहिल्या धुण्यातच कुर्ता गुडघ्याच्या वर गेला असता. अस्तराचं पण तेच, टू बाय टू चं कापड असो का साधं कॉटन, भिजवलेलं नसलं तर वरचं सिल्क राहते जागेवर अन् आतलं अस्तर आखडते, मग ब्लाउजला अशा सुरकुत्या पडतात की इस्त्रीचा बाप पण काढू शकत नाही. अन् जाड खडखडीत कॉटनचा घेरदार कुर्ता माझ्यासारखीनं शिवू नये, कॉटन अंगापासून लांब उभं राहते अन् रुंदी अजून वाढवते, असं ती म्हणाली. पण मग मे महिन्यात काय घालायचं, आमच्या इकडे ४५ डिग्री असते, तेव्हा क्रेप घालून बारीक दिसण्यापेक्षा कॉटन घालून जाड दिसलेलं परवडलं, हे माझं मत. यावर आमचं भांडण झालं. शेवटी तिनं धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या जुन्या साडीचा कुर्ता शिवून दिला, अस्तर फक्त छातीपर्यंत. उन्हाळाभर तोच घातला.

माझी जाऊ पूर्ण उलटी. उंच, सरळ, काडीसारखी, कुठं काही चढउतार नाही. तिनं इंस्टाग्रामवर पाहून कटोरी ब्लाउज पाहिजे म्हणून हट्ट केला. काकूनं तिला समजावून सांगितलं की कटोरीत कापड जास्त असते, ते भरायला आत काही पाहिजे, नाहीतर वाटी रिकामी राहते अन् तिथं सुरकुती पडते. जाऊबाईंना राग आला. पण शेवटी चार टक्सचा साधा ब्लाउज, बोट नेक, बाहीला साडीचाच रुंद काठ, असा शिवला अन् ती साक्षगंधाला अशी दिसली की तिच्याच बहिणीनं तसाच टाकला. रुंद काठ तिला शोभते कारण उंची आहे. मला सहा इंची काठाची साडी घेऊ नको म्हणते काकू, "अर्धी बाई काठातच जाते."

करवतीची साडी आहे माझ्याकडे एक, आईनं दिलेली, भंडाऱ्याकडची टसरची. काठाला करवतीच्या दात्यासारखी नक्षी असते म्हणून करवती. सुंदर आहे पण टसर ताठ उभं राहते, माझ्यासारखीच्या कमरेवर निऱ्या फुगून बसतात जसं काही पोटाशी उशी बांधली. याच्यावर काकूनं साडीला हातच नाही लावला, परकर बदलला. आपला नेहमीचा परकर नाडीवर चुण्या पडणारा असते न, त्या सगळ्या चुण्या कमरेवर गोळा होतात, वरून साडीच्या निऱ्या, मग कंबर दिसणार कुठून. तिनं सहा कळ्यांचा परकर शिवला, वर अंगाबरोबर अन् खाली घेर. नाडीऐवजी साईडला हुक. १८० रुपयांत माझी कंबर दोन इंच कमी झाली असं समजा. बाजारात ते स्ट्रेचचे फिश कट परकर मिळतात तेही मी घेऊन पाहिले, दिसते छान पण एसटीची पायरी चढता येत नाही त्यात.

सासूबाईंची गोष्ट वेगळीच. त्यांच्या पाठीला आता बाक आला आहे. त्यांचा प्रत्येक ब्लाउज मागून वर चढे अन् समोरून लोंबे, सारख्या मागून ओढत राहायच्या, अन् मी समजायची की सवयच आहे त्यांची. काकूनं मागची उंची पाऊण इंच वाढवली, समोरची थोडी कमी केली, बस्स. सासूबाईंनी तो ब्लाउज घालून दोन्ही हात वर करून खाली केले, पुन्हा वर केले, अन् म्हणाल्या, "आता बरं हाय." आमच्या घरात हे लय मोठं सर्टिफिकेट आहे.

काकूची खुंटी पाहण्यासारखी असते कापूस वेचणीच्या दिवसांत. दिवाळीपासून पुढं जानेवारीपर्यंत वेचणीला जाणाऱ्या बायांचे ब्लाउज लटकून असतात. वावरात त्या वरून नवऱ्याचा फुल बाहीचा शर्ट घालतात, पऱ्हाटीच्या बोंडाचे टोकं ओरबाडतात म्हणून, अन् कमरेला ओटी बांधतात, तिच्यात कापूस भरत जातो. दिवसभर हात पुढं अन् कंबर वाकलेली. अशा बाईला काकू मागचा गळा बंद देते, बाही कोपरापर्यंत, अन् काखेत एक चौकोनी तुकडा जोडते, पत्त्यातल्या चौकटसारखा तिरपा बसवून, म्हणजे हात कितीही पुढं नेला तरी ब्लाउज वर ओढला जात नाही अन् काखेतून फाटत नाही. त्या तुकड्याचे वेगळे पैसे घेत नाही. मी तिला म्हटलं हाच तुकडा भाच्याच्या लग्नातल्या माझ्या ब्लाउजला असता तर मामाजी वाचले असते. ती एवढी हसली की तोंडातली टाचणी पडली.

माझी भाची नागपूरला फॅशन डिझाईनिंगचा कोर्स करते, तिला पोळ्याच्या सुट्टीत घेऊन गेली होती मी. ती म्हणे मावशी, तू पेअर शेप आहेस. अन् मोबाईल काढून काकूला चित्रं दाखवायला लागली, हे पेअर म्हणजे नासपती, हे ॲपल, हे रेक्टँगल, हे उलटा त्रिकोण, हे अवरग्लास. काकूनं चष्मा वर करून पाहिलं. "नासपती कोण पाह्यली इकडे? माह्याकडे येतात त्या घागर, डेरा, मुसळ, सूप अन् डमरू." घागर म्हणजे मी. डेरा म्हणजे जिचं पोट मधे गोल आहे, तिला कमरेत कधीच फिट करायचं नाही, छातीच्या खालूनच कापड मोकळं सोडायचं अन् गळा थोडा खोल उभा द्यायचा म्हणजे नजर वर राहते. मुसळ म्हणजे माझी जाऊ. सूप म्हणजे खांदे रुंद अन् खाली निमुळती, कबड्डी खेळलेल्या पोरी अशा असतात म्हणे, त्यांना फुग्याची बाही देऊ नये. अन् डमरू? "चाळीस वर्षांत दोनच आल्या. त्यातली एक माप देऊन पळून गेली लगन कराले, तिचा ब्लाउज अजून खुंटीले हाय." खरंच आहे, मी पाहिला, मोरपंखी रंगाचा.

भाचीनं मग सांगितलं की निफ्ट म्हणून जी सरकारी फॅशन संस्था आहे तिनं इंडियासाईज नावाचा प्रकल्प काढला, २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, कारण आपल्याकडच्या कंपन्या परदेशी मापांच्या तक्त्यावरून कपडे बेतून राहिल्या अन् ते आपल्या अंगाला बसत नाहीत. मला तर ऐकूनच बरं वाटलं, म्हणजे माझ्या अंगात खोट नव्हती, तक्त्यात होती. काकूनं विचारलं कुठं कुठं घेतात मापं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद अन् शिलाँग. "अन् दारव्हा?" काकू म्हणे. भाची काय सांगणार.

एक गंमत अजून झाली. उभ्या रेघांनी बारीक दिसते हे आपण सगळ्याच म्हणतो, मी पण आयुष्यभर उभ्या रेघाच घेतल्या. भाची म्हणे असं काही नाही, हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ मधेच लिहून ठेवलं की सारख्याच मापाचे दोन चौकोन घेतले तर आडव्या रेघांचा चौकोन उंच अन् अरुंद दिसते. काकूनं विश्वास नाही ठेवला. तिनं कोपऱ्यातून पट्ट्यांच्या कापडाचा एक तुकडा काढला, वीत बाय वीत असे दोन चौकोन कापले, एक उभा ठेवला एक आडवा ठेवला टेबलावर. अन् आम्ही तिघी अन् एक गिऱ्हाईक बाई अशा चौघी त्याच्याभोवती उभ्या. खरंच आडव्या रेघांचा उंच दिसत होता! टेप लावून मोजून पाहिला, दोन्ही सारखेच. काकूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "असन. पण बाई काही रुमाल नसते." तरी मी तिच्याकडूनच आडव्या बारीक रेघांचा एक कुर्ता शिवून घेतला या दिवाळीत. नवरा म्हणाला कैद्यासारखी दिसून राहिली. ते जाऊ द्या.

आता तक्रारी, अन् त्या कमी नाहीत, दीड पॉइंट उगाच नाही कापले.

पहिली गोष्ट तारीख. काकूचा मंगळवार म्हणजे पुढच्या आठवड्यातला शनिवार. मी गावावरून १४ किलोमीटर येते, बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून परवडते नाहीतर तिच्या चकरांतच शिलाईएवढे पैसे गेले असते. फोन उचलत नाही, मशीन चालू असते म्हणते. तिथं पोचल्यावर "काज-हुक बाकी हाय फक्त" हे वाक्य ऐकायला मिळते, अन् ते खोटं असते, कापड अजून बेतलेलं पण नसते. एकदा तर माझ्यासमोर माझंच कापड गठ्ठ्याच्या तळातून निघालं.

दुसरं, ट्रायलची जागा. एका कोपऱ्यात दोरीवर जुनी चादर, मागं धाग्याच्या रिळांचे खोके, आरसा छातीएवढाच. मागून कसं दिसते हे बाजूच्या गिऱ्हाईक बाईला विचारायचं, अन् ती जे मनात येईल ते सांगते. अन् माप ओरडून सांगायची सवय. वही तिची सून लिहीत असेल तर काकू टेप धरून ओरडते, "सीट चव्वेचाळीस!" अन् बाजूच्या कृषी केंद्रात युरियाच्या लाईनीत उभे माणसं मान वळवतात. मी सांगून पाहिलं, हळू सांगा न काकू, तर म्हणे, "काऊन? चोरी केली का तू?" तुम्हाला लाज वाटत असेल तर दुपारी दोनला जा, तेव्हा कृषी केंद्रवाला जेवायला जाते.

मागचा गळा तिला स्वतःच्या मनानं छोटा करायची खोड आहे. नवीन पोरी मोबाईलमधला फोटो दाखवून दहा इंच खोल सांगतात, ही सात करते. विचारलं की म्हणते शिवणीत गेला. तेव्हा गळा खडूनं आखून घ्या तुमच्यासमोर. पॅडेड ब्लाउज करते पण मन लावून करत नाही, लेहंगा अन् आरी वर्क अजिबात नाही, त्यासाठी यवतमाळलाच जा. उरलेलं कापड पण परत मिळत नाही, त्याच्या गोधड्या होतात तिच्या घरी, मला माहीत आहे, मी पाहिली आहे माझ्या लग्नाच्या शालूचा तुकडा असलेली गोधडी.

भाव सांगते, मी शेवटी दिले ते. साधा ब्लाउज १७०, अस्तरचा ३५०, प्रिन्सेस कट ४५०, पंजाबी ड्रेस ४००, फॉल-पिको १००. वेचणीच्या बायांना साधा ब्लाउज १५०. उधारी नाही, पण लाडक्या बहिणीचे १५०० जमा होईपर्यंत थांबते ती, खूप बाया तेव्हाच कपडे उचलतात, म्हणून पैसे आले की दोन-तीन दिवस तिकडे फिरकू नका, पाय ठेवायला जागा नसते. ब्लाउज पीस साडीतला ८० सेंटीमीटरचा असते, छाती ४० च्या वर असेल अन् बाही कोपरापर्यंत पाहिजे असेल तर तेवढ्यात होत नाही, बाहीला जोड येतो. त्यामुळे मॅचिंगचं कापड वेगळं एक मीटर नेलेलं बरं, अन् नेताना पन्हा म्हणजे कापडाची रुंदी विचारून घ्या दुकानदाराला, ३६ इंच पन्ह्याचं असेल तर अजून थोडं जास्त.

अन् हो, दुकानात दोन मशिनी दिसतील. एक नवी, लाईटवरची, विश्वकर्मा योजनेत टूलकिटचे १५ हजार मिळाले त्यातून घेतलेली, तिच्यावर टॉवेल झाकून ठेवलेला असते अन् टॉवेलवर हळदीकुंकू. दुसरी पायानं चालवायची, तिचा रंग उडून लोखंड दिसते. काम सगळं त्याच जुनीवर चालते, कारण लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, अन् काकू म्हणते नवी लय पळते, बाही लावताना हातात राहत नाही. सून नवीवर पिको करते.

महालक्ष्म्यांना नवीन ब्लाउज पाहिजे असेल तर कापड पोळ्याच्या आधी, अगदी आधी म्हणजे आठ-दहा दिवस आधी नेऊन टाका, पोळा झाला की ती घेतच नाही. अस्तर भिजवून न्या. तारीख विचाराल तेव्हा ती जी सांगेल त्यात पाच दिवस मनातच मिळवून ठेवा. माझे दोन ब्लाउज अन् सासूबाईंचा एक टाकून आली मी काल, मंगळवार सांगितला आहे.